कांडीचं कोपर

लूमनं रामदासचं फक्त हाड मोडलं होतं. हात तुम्ही मोडलात.

होय, तुम्हीच. सरकारी दवाखान्यात हाडांच्या खोलीतल्या त्या खुर्चीत बसता ते तुम्ही. नाव घेत नाही, कारण माणूस बदलून जातो आणि खुर्ची तिथंच राहते. रामदासच्या उजव्या कोपराला तुम्ही काटकोनात प्लास्टर घातलंत आणि म्हणालात, दीड महिन्यानं ये. तो आला. तेव्हा डॉक्टर रजेवर. पुन्हा आला, तेव्हा संप. पुन्हा आला, तेव्हा प्लास्टर कापायची करवत बिघडलेली. शेवटी त्याच्या बायकोनं, मंदानं, घरी पाणी ओतून ओतून ते प्लास्टर भिजवलं आणि विळीवर धरून कापून काढलं. आतून जो हात निघाला तो लाकडाचा होता. तो हात घेऊन रामदास परत तुमच्या पुढ्यात आला, तेव्हा तुम्ही हाडाचा फोटो उजेडात धरलात नि म्हणालात, "हाड मस्त जुळलंय. जा."

जुळलं होतं, खोटं नाही. पण त्या हातानं घास तोंडापर्यंत जात नव्हता, हे तुमच्या फोटोत दिसत नव्हतं.

तेव्हापासून रामदास डाव्या हातानं जेवतो. घरात कोण बघतंय? पण लग्नाच्या पंगतीत, जयंतीच्या जेवणात, माणूस शेजाऱ्याच्या ताटाकडं बघतोच. एकदा कोणाच्या तरी लहान पोरीनं मोठ्यानं विचारलं, "आई, हे काका घाण हातानं का जेवतात?" त्या दिवसानंतर रामदास पंगतीला बसला नाही. आधी वाढप्याचं काम अंगावर घ्यायचा, पुढं जायचंच बंद केलं. लूमही सुटले. आडवा धागा नेणारा धोटा भरायचा, तुटलेला धागा झटक्यात गाठ मारून जोडायचा, तर दोन्ही हात चालावे लागतात. शेठनं त्याला काढला नाही, एवढीच मेहेरबानी. झाडू मारायचा, लूमला तेल द्यायचं, सूत संपलेल्या रिकाम्या कांड्या गोळा करायच्या. चार लूम एकट्यानं पळवणारा कारागीर झाडूवाला झाला आणि घरी येऊन मुका झाला.

त्या कारखान्यात एक मांजर होती. भिवंडीत लूमच्या कारखान्यात मांजर लागतेच. सुताला खळ लावलेली असते, खळीला उंदीर येतात, आणि एका रात्रीत उभ्या धाग्यांचा अख्खा ताणा कुरतडून ठेवतात. म्हणून शेठ लोक कामगाराला चहा देताना दहा वेळा विचार करतील, पण मांजरीचं दूध चुकवणार नाहीत. ही मांजर करड्या रंगाची, अंगानं काटकुळी. रिकामी कांडी दिसली की पंजानं घरंगळवत न्यायची, म्हणून तिचं नाव कांडी. रामदास कांड्या गोळा करायचा आणि ती विखरायची. दोघांची ड्युटीच तशी होती. दिवसभरात रामदास ज्या कोणाशी बोलायचा ती ही एकटी.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात, भर दुपारच्या शिफ्टला, घरंगळलेल्या कांडीच्या मागं ती चालू लूमखाली शिरली. धोट्याला टोला देणारा लाकडी दांडा तिच्या पुढच्या उजव्या पायावर बसला. लूमच्या खडखडाटात तिचा आवाज कोणाला आला नाही. शेजारच्या लूमवरच्या अन्सारीचाचांनी बघितलं नि लूम बंद केला. रामदास झाडू टाकून धावला. पाय कोपरापासून खाली नुसता लोंबत होता.

"अरे रामदास," चाचा हळूच म्हणाले, "बिल्ली है, बेटा. कहाँ तक करेगा? छोड़ दे."

शेठ दारातूनच म्हणाला, "दुसरी आण रे एखादी. गल्लीत काय कमी आहेत?"

कापडाच्या गाठी घेऊन टेम्पो रोज मुंबईच्या बाजारात जायचा. टेम्पोवाला लडकू, खाडीकडच्या गावातला आगरी गडी, गाठी चढवत होता. रामदासनं मांजर झोळीत घातली आणि त्याच्यापुढं उभा राहिला.

"मुंबईला जनावरांचं हॉस्पिटल आहे ना?"

"हाय ना. आमच्या गावच्या एकाचा बैल नेलता तिथं." लडकूनं झोळीत डोकावलं. "आरं, हा तं बैल न्हाय."

"नेतोस का नाही?"

"चढ. पन मंग शेठला सांगू नको, नाय तं मांजरीचं भारं माझ्या पगारातून कापल."

घरावरून टेम्पो जाताना मंदा नळावर उभी होती. तिनं झोळी बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि हंडा शेजारणीकडं देऊन तीही चढली. गाठींवर बसल्यावर मात्र तिच्यानं राहवलं नाही. "स्वतःच्या हाताला घेऊन कधी मुंबईला जायचं सुचलं नाही ते!"

"माझं हाड जुळलंय," रामदास म्हणाला.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण तरुण होती. बारीक अंगाची, तोंडानं तिखट. तिनं फोटो काढला आणि दोघांना दाखवला. "हाड मधे मोडलं असतं तर गोष्ट सोपी होती. थोडं वाकडं जुळलं तरी मांजर भागवून नेते. हे सांध्यातच फुटलंय. दंडाच्या हाडाचा खालचा गड्डा उभा चिरलाय, बघा. इथं केसाएवढी पायरी राहिली ना, तर सांधा जन्मभर घासत राहणार. उघडून, तुकडे जिथल्या तिथं बसवून स्क्रू मारावा लागेल."

"मांजरीला स्क्रू?" मंदा म्हणाली.

"मांजरीएवढाच," डॉक्टरीण म्हणाली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. तिसऱ्या दिवशी लडकूच्याच टेम्पोतून रामदास तिला आणायला गेला. कांडीच्या पायाचे केस भादरलेले, त्यावर मऊ पट्टी. डॉक्टरिणीनं त्याला बाकावर बसवून बजावलं, "नीट ऐका. ऑपरेशन झालं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं तुमच्याकडं. खुराड्यात ठेवायची, उडी एकही मारू द्यायची नाही. ही पट्टी चार दिवसांनी काढून टाका. मग रोज दोन-तीनदा, हलक्या हातानं, कोपर वाकवायचं आणि सरळ करायचं. ती ओरडेल. जास्त ओरडली तर थांबा, पण सोडून देऊ नका. टाके काढायला घेऊन या."

रामदासनं मान डोलावली. ऐकलं सगळं, पटलं काहीच नाही.

शेजारच्या जानकीबाईनं खुराडं दिलं, पण तोंड मोकळं सोडून. "वा गं बाय! मांजरीला महाल नि माझ्या कोंबऱ्या उघऱ्यावर! उंद्या कोल्हा आला तं कांडीलाच धारीन मी राखनीला."

चार दिवसांनी मंदानं पट्टी सोडली. रामदासनं डाव्या हातात तो पाय धरला. काडीसारखा पाय, भादरलेली गुलाबी कातडी, टाक्यांची रांग. त्यानं जरासं वाकवलं. कांडीनं अशी किंकाळी फोडली की त्याचा हात भाजल्यासारखा मागं आला. संध्याकाळी पुन्हा बघितलं, तेव्हा ती ओरडलीही नाही. नुसती त्याच्याकडं बघत राहिली. ते त्याला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून कोऱ्या कापडाची पट्टी आणि बांबूच्या दोन कामट्या घेऊन आला. एका हातानं आणि दातानं त्यानं तो पाय असा बांधला, की एखाद्या कारागिरानं बघावं. मऊ कापूस आत, कामट्या दोन्ही बाजूंनी, वर पट्टीचे घट्ट वेढे. लूमवरचा माणूस दुसरं काय करणार? आयुष्यभर तो एकच गोष्ट शिकला होता. तुटलं की गाठ मारायची, गाठ आवळायची, आणि ओढून बघायचं नाही.

"बाईंनी वाकवायला सांगितलं होतं," मंदा म्हणाली.

"पोरगी आहे ती. कालपरवा शिकून आलीय. मोडलेलं हाड कोणी हलवतं का?"

"अहो, पण..."

"माझं हलवलं होतं का कोणी?"

"म्हणूनच..." मंदा एवढंच बोलली आणि चुलीकडं वळली.

त्या एका शब्दापुढं काय होतं ते रामदासला कळलं नाही असं नाही. त्यानं ते ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. रोज कामावरून आला की तो खुराड्यापाशी बसायचा. गाठ ढिली झाली नाही ना, बघायचा. सुकट भरवायचा. कांडी शांत झोपायची, ओरडायची नाही. त्याला वाटायचं, आपण हिला किती सुखात ठेवलंय.

टाके काढायच्या दिवशी मंदाही बरोबर गेली. डॉक्टरिणीनं ते बांधकाम बघितलं आणि कात्री हातातच राहिली.

"हे कोणी बांधलं?"

"मी."

"आणि वाकवणं?"

तिनं पट्टी कापली, कामट्या फेकल्या, आणि कोपर हातात घेऊन वाकवायला गेली. वाकेना. जरासं गेलं आणि फळीला अडल्यासारखं अडलं. कांडी फिस्कारली.

"मी इथं दोन तास एकेक कण जुळवत बसले होते," डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सांधा आरशासारखा बसवला होता. तो काय शोभेला ठेवायला? हललाच नाही तर आतून चिकटतो, गोठतो! सांगितलं नव्हतं मी? तुम्हाला कोणी सांगितलं बांधून ठेवायला?"

"मला पण असंच केलं होतं," रामदास म्हणाला. "म्हणून वाटलं..."

आणि त्यानं तो हात पुढं केला. दाखवायला नाही, सवयीनं. तो हात कायम पुढंच असायचा, काटकोनात.

तिनं कांडीला टेबलावर मंदाच्या हाती दिलं आणि रामदासचं कोपर दोन्ही हातांत धरलं. अगदी जसं मांजरीचं धरलं होतं तसं. वाकवून बघितलं. सरळ करून बघितलं.

"कधीचं?"

"झाली वर्षं."

"प्लास्टर काढल्यावर हलवायला सांगितलं नाही? व्यायाम? शेक? काहीच?"

"हाड जुळलंय म्हणाले."

रामदास तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज मंदाला ओळखू आला नाही, "म्हणजे बाई, हे... हे होणार होतं असं नव्हतं?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "पण सांधा तो सांधाच. तेव्हाच हलवला असता तर बराच हात परत आला असता."

"आणि आता?"

"आता तुमचं मी सांगू शकत नाही. हिचं सांगते. हिचं अजून गेलेलं नाही. आजपासून सुरू करायचं. ती चावेल, तिला चावू द्या."

परतताना टेम्पो रिकामा होता. कशेळीच्या पुलावर वाऱ्यानं कांडीची झोळी फडफडायला लागली, म्हणून मंदानं ती मांडीवर घेतली. रामदास मागच्या फळीला टेकून खाडीकडं बघत होता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की लूमनं त्याचा हात घेतला. लूमला डोळे नसतात, लूमवर राग धरून काय करणार? म्हणून तो गप्प होता. आता कळलं की एका माणसानं एक वाक्य बोलायचं होतं आणि ते तो बोलला नाही. 'रोज हलव' एवढंच. दोन शब्द.

लडकूनं पुढून ओरडून विचारलं, "काय म्हनाली डाक्टरीन? पाय ऱ्हातंय का जातंय?"

"बघू," मंदा म्हणाली. "तू पुढं बघ."

त्या दिवसापासून घराची पद्धतच बदलली. सकाळी चहाच्या आधी गरम पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, कांडीच्या कोपरावर धरायचं. मंदा तिला पदरात गुंडाळून घट्ट धरायची, रामदास डाव्या हातानं पाय वाकवायचा. जिथं अडेल तिथं थांबायचा, श्वास सोडायचा, आणि मग अजून जवभर. कांडीनं त्याच्या ताठ हाताला किती चावे घेतले त्याचा हिशेब नाही. तो म्हणायचा, "चाव. ह्या हाताचा नाहीतरी काय उपयोग?" पण ती किंचाळली की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो शिव्या द्यायचा, मांजरीला नाही, दुसऱ्याच कोणाला.

जानकीबाई दारातून बघायची. "बालंतिनीला पन एवरं कोन करत न्हाय रं! आन ही घे हिला सुकट, मी सोललीय." बोलणं टोचरं, पण सुकट निवडलेली, डोकी-शेपट्या काढलेली.

एका संध्याकाळी कांडीचं आटपलं, ती खुराड्यात गेली. रामदास उठायला लागला तर मंदानं त्याचा सदरा ओढला. फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि त्याच्या कोपराला गुंडाळलं.

"हे काय?"

"गप बसा. कांडी बसते तसं."

"अगं, आता काय होणार आहे? जुनं झालं ते."

"मी विचारलं का काय होणार ते?"

तिनं त्याचं मनगट धरलं आणि वाकवलं. रामदासच्या तोंडून आवाज फुटला. मंदा थांबली, सोडलं मात्र नाही. इतक्या वर्षांत तिनं तो हात कधी असा धरला नव्हता. त्यानं धरू दिला नव्हता. झोपतानाही तो हात भिंतीकडं करून झोपायचा. आता तो तिच्या मांडीवर होता, गरम फडक्यात, आणि तिचा अंगठा कोपरावर गोल गोल फिरत होता.

"तुम्ही नाही चावत," ती म्हणाली.

"दात राहिलेत कुठं?" तो म्हणाला. दोघं हसले. त्या घरात ते हसू बरंच जुनं झालं होतं.

थंडी सरली तेव्हा पुन्हा फोटो काढला. डॉक्टरिणीनं तो उजेडात धरला. हाड जुळलं होतं. पण ती तिथं थांबली नाही. कांडीला फरशीवर सोडलं आणि म्हणाली, "चालवून बघू." कांडी दोन पावलं लंगडली, बसली, पुन्हा उठली. डॉक्टरिणीनं कोपर वाकवून बघितलं. "पूर्ण नाही. थोडं कमीच राहील बहुतेक, ते मधले दिवस वाया गेले. पण मांजरीला पुरेल. खुराडं परत करा."

घरी आल्यावर मंदानं खुराड्याचं दार उघडं टाकलं. कांडी बाहेर आली. उंबऱ्यापाशी उन्हाची पट्टी होती, तिथं बसली. रामदास भाकरी खात होता, डाव्या हातानं. कांडीनं उजवा पंजा उचलला. मोडलेला. अर्ध्यावर थांबली, जणू विचारात पडली. मग मान खाली आणली आणि पंजा चाटला. पंजा तोंडाला लागला होता! ओला करून तिनं तो कानामागून फिरवला, पुन्हा चाटला, पुन्हा फिरवला. सावकाश, नीट, जशी काही कोणाच्या लग्नाला निघाली होती.

रामदासचा घास हातातच राहिला. मग त्यानं भाकरीचा तुकडा उजव्या हातात घेतला. मंदा बघत होती, पण तिनं बघत नसल्यासारखं केलं. त्यानं हात वाकवला. आधीपेक्षा वर आला, खरंच आला. मान पुढं केली. चार बोटं कमी पडली.

तो तुकडा त्यानं ताटात ठेवला. उठला, धुतलेला सदरा घातला.

"कुठं?" मंदानं विचारलं.

"विचारायला."

आणि म्हणून तो तुमच्याकडं आला.

आला तेव्हा खुर्चीत दुसराच डॉक्टर होता. रामदास भांडायला आला होता. माझा हात का घालवलात, एवढंच विचारायचं होतं. बाहेरच्या बाकावर नंबर येईस्तोवर त्यानं ते वाक्य मनात घोटून ठेवलं होतं. शेजारी एक म्हातारी बसली होती. दिघाशी गावची मीराबाई. बांधावरून घसरून पडली होती. उजवं कोपर काटकोनात, त्यावर मळून काळं पडलेलं प्लास्टर.

"आजी, कधी काढणार हे?"

"त्यांनाच ठावं. मागं आलं तवा डाक्टर नव्हता."

"आणि काढल्यावर? काय करायचं सांगितलंय?"

"जपाया सांगलंय, बाबा." म्हातारीनं प्लास्टरवरून डावा हात फिरवला, तान्ह्या पोराला थोपटावं तसा. "मी जपतंय. जराबी हलवत न्हाय."

रामदासचं घोटलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. त्यानं म्हातारीचा डावा हात धरला, तिला उठवलं, आणि नंबर नसताना तिला घेऊन तुमच्या खोलीत शिरला.

"काय आहे?" तुम्ही म्हणालात. "बाहेर थांबा. तुम्ही कोण यांचे?"

"कोणी नाही."

"मग?"

त्यानं आपला हात तुमच्या टेबलावर ठेवला, तुमच्या कागदांवर. शेजारी म्हातारीचा ठेवला. दोन काटकोन.

"साहेब, एका मांजरीला सांगितलं होतं, ह्या बाईला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "हिचं प्लास्टर कधी निघणार? आणि निघाल्यावर हात रोज हलवायचा, हे हिला कोण सांगणार? नाव सांगा. मी उभा आहे."